कोंडिबांचा पुकारा

भारतनं चपला काढायच्या आत कोंडिबा ओसरीवरच्या खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात देत दारात आले आणि आत तोंड करून मोठ्यांदा म्हणाले,

"खुटबावचा भारत आलाय गं. तुझ्या थोरल्या भावाचा पोरगा. एकटाच आलाय, बायकू न्हाई आणली."

भारत चाळिशीचा, अंगानं भरलेला गडी. हातातली डाळिंबांची पिशवी त्यानं कोंडिबांच्या सुनेच्या, नीलमच्या हातात दिली आणि तो ओठातल्या ओठात हसला. कोंडिबाआप्पांची ही सवय आता सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना माहीत झाली होती. गेली दोन वर्षं केंदूरच्या या घरात कुणी पाऊल टाकलं की कोंडिबा त्याचं नाव, गाव, नातं उंबऱ्यातच पुकारून मोकळे होत. सख्खी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी तिची सुटका नव्हती. म्हातारपणी कुणी चिडकं होतं, कुणी चेंगट होतं, आप्पा पुकारे झाले, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं होतं. गावातले टारगट लोक तर त्यांना 'एस. टी. स्टँड' म्हणायचे. कोंडिबांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. लोक हसतात तोवर विचारत नाहीत, हे त्यांना पुरेसं होतं.

आत पलंगावर साळूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. पडून उजव्या मांडीचं हाड मोडल्याला तेवीस दिवस झाले होते, शिरूरला ऑपरेशन होऊन एकवीस. आत रॉड घातला होता. पाय झकास जुळत होता. नीलमनं धरून उठवलं की वॉकर घेऊन त्या दहा-बारा पावलं टाकतही होत्या. पायाची तक्रार नव्हतीच.

भारत पलंगाशी वाकला.

"आत्या, वळखलं का? कोण मी?"

कोंडिबांनी डोळे मिटून घेतले.

आजाऱ्याला भेटायला जायचं तर फळं न्यायची, घटकाभर पायाशी बसायचं आणि हा प्रश्न विचारायचा, अशी आपल्याकडची रीतच आहे. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो. आपल्याला ओळखलं म्हणजे माणूस अजून जागेवर आहे, एवढाच दिलासा लोकांना हवा असतो. पण दोन आठवड्यांत या घरात शंभरेक माणसं येऊन गेली आणि शंभरेक जणांनी हाच प्रश्न विचारला. शाळेतल्या पोराला कुणी दिवसातून पाच वेळा परीक्षेला बसवत नाही. पूर्वी कोंडिबांचा पुकारा झाला की साळूबाई सावरून बसायच्या आणि पाहुणा आत येईपर्यंत त्याचं नाव त्यांच्या तोंडात तयार असायचं. आता दारातून निघालेलं नाव पलंगापर्यंत पोचेना.

त्यांनी भारतच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या तोंडाकडे. कोंडिबांनी नुसतेच ओठ हलवले, भा, र, त.

"व्हय की," साळूबाई म्हणाल्या. "वायरमन न्हाई का तुम्ही? लाइट कवा यायची?"

भारत हसायला गेला आणि ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. लहानपणी दर उन्हाळ्यात दीड-दीड महिना तो या घरात राहिलेला, या बाईच्या हातचं जेवलेला. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. साळूबाईंनी तो झटकन काढून घेतला.

"मला घरला सोडा. कुणाचं घर हाय हे? माझी माणसं वाट बघत असतील."

"आत्या, हेच की घर."

"कोण आत्या?"

भारत उठला आणि बाहेर गेला. नीलमनं पुढे होऊन सासूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ती फारसं बोलत नसे.

ओसरीवर विश्वजीत फोन कानाला लावून उभा होता. कोंडिबांचा एकुलता मुलगा, रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर, गेले पंधरा दिवस रजेवर. भारत डोळे पुसतोय असं पाहिल्यावर त्यानं फोन खिशात टाकला.

"बघितलंस? पाय मोडला म्हणून नेली. तवा स्ट्रेचरवरनं सुद्धा हुकूम सोडत व्हती, हळू धरा रे म्हणून. आन् आणली ती अशी. त्या भुलीच्या डॉक्टरणीनं पाठीत कसलं इंजेक्शन मारलं कुणास ठावं. सरळ मेंदूला गेलं."

"डोस जास्त झाला असंल," भारत म्हणाला.

"असंल न्हाई, झालाच. उद्या दाखवायची तारीख हाय. माऊलीला सांगून ठेवलंय, दोन गाड्या भरून जाऊ. सगळे कागद काढायला लावतो. परत शिरूरात दवाखान्याची पायरी चढणार न्हाई ती बाई, अशी येवस्था करतो."

माऊली म्हणजे गावातला एक पुढारी. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कुठंही आवाज चढवायचा असला की लोक त्याला गाडीत घालून नेत.

कोंडिबा चौकट धरून उभे होते.

"आरं, पर..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं.

"तुम्ही बसा आप्पा," विश्वजीत मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही लई सोसलंय."

कोंडिबा बसले. पोरानं दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, ही माया त्यांना सोसवेना.

कारण खरी गोष्ट त्यांना एकट्यालाच ठाऊक होती. निदान त्यांची तशी समजूत होती.

साळूबाई म्हणजे पंचक्रोशीतलं बडं प्रस्थ. कुणाची सोयरीक जुळवायची तर भटजीला पत्रिका दाखवायच्या आधी लोक साळूबाईंकडे येत. मुलीचं आजोळ कुठलं, मुलाच्या पणजीचं माहेर कुठलं, दोन्ही घरांचं देवक एकच तर येत नाही ना, हे सगळं त्या भाकरी थापता थापता सांगायच्या. कागद नाही, वही नाही. एकदा तर साखरपुडा झालेलं लग्न त्यांनी थांबवलं होतं, कारण दोन्हीकडचं देवक एक निघालं. आणि रागावलेले दोन्ही व्याही नंतर पेढे घेऊन आले होते.

दोन वर्षांपूर्वी एक बाई अशीच एका स्थळाची चौकशी करायला आली. साळूबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. बाई गेल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण व्हती ही?"

ती बाई शेजारच्या वस्तीवरची. तीस वर्षं येत-जात असलेली.

कोंडिबांनी नाव सांगितलं. साळूबाईंनी मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली. त्यावर दोघांनीही पुढे एक अक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंडिबांचा पुकारा सुरू झाला.

त्यांना भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांची थोरली बहीण केडगावला दिलेली. तिचंही असंच झालं होतं. येडी झाली म्हणून घरच्यांनी तिला मागल्या खोलीत ठेवली. ताट दारातून आत सरकवायचे. आल्यागेल्याला तिच्यापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, उगाच चार लोकांत शोभा नको म्हणून. शेवटची दोन वर्षं तिच्याशी कुणी बोललंच नाही. कोंडिबा एकदा भेटायला गेले तेव्हा ती भिंतीशी बोलत होती. साळूची ती गत होऊ द्यायची नाही, हे त्यांनी भाकरीच्या त्या दिवशीच मनाशी पक्कं केलं होतं. मग आठवडे बाजाराला तिच्यासोबत जाणं आलं, गॅस बंद केलाय का ते बघणं आलं, सोयरीक विचारायला आलेल्यांना "तिचा घसा बसलाय, नंतर या" म्हणून वाटेला लावणं आलं. दोन वर्षं या माणसानं डोळ्यांत तेल घालून पहारा केला.

अपघाताच्या त्या दिवशी मात्र दुपारी चारची वेळ होती आणि ते जरा लवंडले होते. साळूबाई उठून घरामागच्या मोरीकडे निघाल्या. ती मोरी पाडून सात वर्षं झाली होती, विश्वजीतनं घरात बाथरूम बांधलं तेव्हाच. तिच्या जागी नुसतं उघडं जोतं उरलं होतं आणि जोत्याखाली कमरेइतकं खोल. "घसरली," कोंडिबांनी सगळ्यांना सांगितलं.

आणि मग तो कागद. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर अनुपमा एक कागद घेऊन पलंगाशी आल्या. विश्वजीत खाली औषधं आणायला गेलेला, नीलम घरी. बीपी आहे का, शुगर आहे का, दमा आहे का. कोंडिबा उत्तरं देत गेले.

"आठवणीचा काही त्रास? नावं विसरणं, रस्ता चुकणं, तेच तेच परत विचारणं?" बाईंनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "खरं सांगा हं आजोबा. त्यावर आमचं बरंच अवलंबून असतं."

साळूबाई समोर डोळे मिटून पडल्या होत्या. जाग्या होत्या की नव्हत्या, कळायला मार्ग नव्हता. तिच्यासमोर कसं सांगायचं?

"न्हाई," कोंडिबा म्हणाले होते. "उलट गावाला आठवण करून देणारी बाई हाय ती."

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी साळूबाईंनी हातातली सलाईनची सुई उपसून काढली आणि मला पळवून आणलंय म्हणून ओरडायला सुरुवात केली. आतल्या वॉर्डात घरच्यांना सोडत नव्हते. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव पुकारायला कुणी नव्हतं. काचेच्या दाराबाहेर उभं राहून कोंडिबांनी ते सगळं पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाड्या दारात लागल्या. सकाळच्या वेळी साळूबाई जरा शांत असत. संध्याकाळ झाली की त्या बिघडायच्या, म्हणून विश्वजीतनं गावातल्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्या रोज चालू होत्या. नीलमनं त्यांची वेणी घातली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, दोघांनी धरून गाडीत बसवलं.

"कुठं चाललोय?" साळूबाईंनी विचारलं.

"शिरूरला. पाय दाखवायला," कोंडिबा म्हणाले.

"कुणाचा पाय?"

"तुझा."

साळूबाईंनी आपल्या पायाकडे खाली वाकून पाहिलं. "मग जाऊ," त्या म्हणाल्या.

मागच्या गाडीत माऊली, भारत आणि आणखी पाच-सहा जण होते. शिक्रापूरच्या चौकात चहाला थांबले तेव्हा माऊली सगळ्यांना समजावून सांगत होता, की आधी कुणी काही बोलायचं नाही, टेबलाभोवती नुसतं उभं राहायचं, बाकी तो बघून घेईल. कोंडिबा कप हातात धरून विश्वजीतच्या शेजारी जाऊन उभे राहिले. सांगायचं तर इथंच, पोराला एकट्याला गाठून, चारचौघांत शोभा व्हायच्या आत. चहा गार झाला, त्यावर साय धरली. "आप्पा, निघायचं ना?" विश्वजीत म्हणाला. कोंडिबांनी मान डोलावली आणि कप न पिताच ठेवून दिला. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्याच पोराची इतकी भीती वाटावी, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दवाखान्यात डॉक्टर अनुपमांची खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, तपासायचा पलंग आणि त्याला हिरवा पडदा. एवढी माणसं आत शिरल्यावर पंख्याचा वारासुद्धा लागेना. साळूबाईंना पलंगावर बसवलं; रात्रीच्या गोळीनं गुंगलेल्या त्या भिंतीला टेकताच डुलक्या घेऊ लागल्या. डॉक्टर पस्तिशीच्या, किडकिडीत. त्यांनी एकवार सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

"बसायला न्हाई आलो म्याडम," माऊली म्हणाला.

विश्वजीतनं टेबलावर हात टेकवला. "माझी आई चांगली चालती-बोलती बाई व्हती. तुम्ही पाठीत इंजेक्शन दिलं आन् तवापासनं ती मला वळखत न्हाई. पोटच्या पोराला. ह्याचं उत्तर पायजे मला."

"त्यांचा गोंधळ होतोय हे आम्ही वॉर्डात पाहिलं होतं. चार दिवसांत उतरेल असं मला वाटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "कधीकधी असं होतं. विशेषतः ज्यांना आधीपासून..."

"आधीपासनं काय? आधी कायच नव्हतं."

डॉक्टरांनी फाइल ओढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हो. इथं तसंच लिहिलंय. आठवणीचा त्रास नाही. माहिती देणार, पती."

"मग?" विश्वजीतचा आवाज चढला. "तुमच्याच कागदावर हाय की. आधी नव्हतं, तुमच्या इंजेक्शननं झालं. आता काय राहिलं बोलायचं?"

बाईंच्या तोंडावरचा रंग उडाला. तिच्याकडे पाहताना कोंडिबांना एकदम वाटलं, ही कुणाची तरी लेक आहे, आणि आपल्या एका शब्दापायी हिचं वाटोळं व्हायला निघालंय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ते खोटं हाय," ते म्हणाले.

विश्वजीतनं वळून पाहिलं. "तेच म्हणतोय मी आप्पा."

"तसं न्हाई. त्या कागदावरचं खोटं हाय. मी खोटं सांगितलं. तिला आधीपासनं आठवत न्हाई. दोन वर्षं झाली. मोरीकडं गेली म्हणून पडली, पाडलेल्या मोरीकडं. घसरली न्हाई."

माऊलीनं घसा साफ केला, मग चप्पल सारखी केली आणि "चला रे, बाहेर थांबू," म्हणून बाकीच्यांना घेऊन निघून गेला. भारत त्यांच्यामागोमाग गेला. इतकं कमी बोलून माऊली कुठूनच परतला नव्हता.

"मला का न्हाई सांगितलं?" विश्वजीतनं विचारलं. त्याचा आवाज आता साधा होता.

"तू तिला मागल्या खोलीत ठिवशील म्हणून."

विश्वजीतनं टेबलावरचा हात काढून घेतला आणि तो खोलीबाहेर गेला. दार हळूच लागलं. त्यानं ते आपटलं असतं तर कोंडिबांना कमी लागलं असतं.

डॉक्टरांनी एक खुर्ची पुढे सरकवली. "बसा आजोबा. कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

"दोन सालाखालच्या चैतात. भाकरी करता करता..."

"त्याच्या आधीच्या दिवाळीत, मामा," नीलम म्हणाली.

कोंडिबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पलंगाशी उभी होती, सासूचा पदर सारखा करत.

"अनारशाचं पीठ त्यांनी दोनदा भिजवलं तवा. मग मीच भाजीतलं मीठ बघाया लागले. त्यांच्या मागनं." तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला ठावं न्हाई असं वाटलं मला. तुम्ही एवढे जोरजोरात नावं घेत असायचा, मला वाटलं तुम्हालाच ऐकू कमी येतंय."

कोंडिबांना हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. एका घरात, एका चुलीवर, दोघंजण एकमेकांची नजर चुकवून तीच राखण करत होती.

डॉक्टर मग सावकाश बोलल्या. ज्यांची आठवण आधीच कमी व्हायला लागलेली असते, त्यांना ऑपरेशननंतर असा झटका बसू शकतो, त्या म्हणाल्या. एकट्या इंजेक्शननं नव्हे. दुखणं, परकी जागा, परकी माणसं, मोडलेली झोप, औषधं, सगळं एकदम अंगावर येतं. आधी कळलं असतं तर घरचं एक माणूस सतत उशाशी ठेवू दिलं असतं, काही औषधं टाळली असती.

"म्हंजी माझ्यामुळं झालं," कोंडिबा म्हणाले.

"ऑपरेशन तर करावंच लागलं असतं. आणि सगळं सांगूनही हे झालं असतं कदाचित. मला नक्की सांगता येणार नाही." बाईंनी खोटा धीर दिला नाही, हे कोंडिबांना बरं वाटलं. "पण यातलं काही भरून येतं. दोन महिने, चार महिने, सहा महिने लागतील. पूर्वीचं जे कमी झालं होतं ते परत येणार नाही, पण आत्ताचा हा गोंधळ बराचसा उतरू शकतो. झोपेला काही देताय का?"

नीलमनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकलं.

"हे बंद. यानंच अर्ध्या गुंगीत असतात त्या. दिवसा उन्हात बसवा, चष्मा लावून. रोज चालवा. आणि आल्यागेल्याला सांगा, ओळखलं का म्हणून विचारायचं नाही." मग त्या उठल्या. "आता मला जरा त्यांच्याशी बोलू द्या. तुम्ही दोघं इकडेच बसा."

त्यांनी हिरवा पडदा ओढून घेतला.

कोंडिबा आणि नीलम पडद्याच्या अलीकडे बसले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्यानं साळूबाई जाग्या झाल्याचं कळलं.

"मी अनुपमा," डॉक्टर म्हणत होत्या. "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी भूल दिली होती मी. तुम्हाला काय काय त्रास होतोय, तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. काहीही सांगा. घाई नाही."

कोंडिबांचे ओठ सवयीनं हलले, पण तिला सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी तिला सगळ्या गावाची नावं सांगितली होती आणि हे एक विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पाय ठणकतो जरा," साळूबाई म्हणाल्या. मग, "आन् बाई..."

"हं?"

"मला आठवत न्हाई. लई दिवस झालं. माणसं येत्यात, बसत्यात. त्वांड वळखीचं दिसतं, पर नाव म्हणून येत न्हाई. मग लई भ्या वाटतं. मग मी कायबी बोलती."

"घरी सांगितलंत का कुणाला?"

"न्हाई बाई. आन् तुम्ही बी सांगू नगा." साळूबाईंनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खाली आणलेला आवाजही पडद्याला दाद देणारा नव्हता. "आमच्या मालकांना तर बिलकुल नगा. त्यांना वाटतंय मी पयल्यासारखीच हाय. वाटू द्या. लई हळवा माणूस हाय."

नीलमनं पदर तोंडाला लावला. कोंडिबा हातातल्या टोपीकडे पाहत राहिले. ती त्यांनी चार घड्या करून अगदी लहान केली होती. मग ते उठले आणि पडदा बाजूला सारून आत गेले.

"आलात व्हय?" साळूबाई म्हणाल्या.

"साळू," कोंडिबा पलंगाच्या कडेवर बसत म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय?"

"तुला आठवत न्हाई ते."

साळूबाईंनी डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की त्या बिचाऱ्या बाईनं दोन्ही हात वर केले.

"मी नाही हो सांगितलं."

"तिनं न्हाई सांगितलं," कोंडिबा म्हणाले. "दोन वर्षं झाली मला ठावं हाय."

साळूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू चढल्या आणि हळूहळू उतरल्या.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "आन् मी दोन वर्षं सोंग काढतीया, तुम्हाला कळू नये म्हणून. आदी सांगायचं न्हाई व्हय? उगंच दमवलं मला."

"चुकलं माझं."

"मग आता इचारलं तर चालंल का?"

"काय बी इचार."

साळूबाईंनी मान पुढे करून पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ही पोरगी कोण? लई करती माझं. इचारायची लाज वाटत व्हती."

"नीलम. इश्वजीतची बायकू. आपली सून."

"नीलम," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी ते नाव तोंडात घोळवलं आणि खूण पटल्यासारखी मान हलवली. मग त्यांची नजर नीलमच्या पलीकडे गेली. दार अर्धवट उघडलं होतं. तिथं कुणीतरी भिंतीला टेकून उभं होतं, आत यावं की नाही ते न कळल्यासारखं, आणि मनगटानं नाक पुसत होतं.

"आन् त्यो? रडतोय त्यो?"

"त्यो इश्वजीत. आपला ल्योक."

"मग त्याला असा दारात का उभा केलाय?" साळूबाई म्हणाल्या. "आत घ्या की त्याला."

आणि ऑपरेशन झालेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी जरा आत सरकवला, पलंगावर एका माणसापुरती जागा केली.